मोजणीतून उपचारांकडे : बीडचा ऊसतोड पट्टा आणि सार्वजनिक आरोग्य-संशोधन

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली आणि ती गाठण्यासाठी २०३० हे वर्ष ठरवले. आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचे ओरबाडून घेतले जाणार नाही, आणि विकासाच्या वाटेवर कोणीही मागे राहणार नाही, अशी या उद्दिष्टांमागची भूमिका आहे. तिसरे उद्दिष्ट आरोग्याचे, पाचवे स्त्री-पुरुष समानतेचे, आठवे सन्मानाने मिळणाऱ्या रोजगाराचे आहे. मात्र उद्दिष्ट कागदावर उतरले की काम संपत नाही, कारण प्रत्येक लक्ष्याला निर्देशक जोडलेले असतात. निर्देशक म्हणजे प्रगती झाली की नाही हे ज्यावरून ठरवता येते अशी मोजता येणारी राशी, उदाहरणार्थ दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू, किंवा वयाच्या अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण. हे निर्देशक मोजण्यात बाजाराला फारसा रस नसतो; गरीब स्त्रीच्या कंबरदुखीची नोंद ठेवून कोणत्याही कंपनीला नफा होत नाही. म्हणूनच हे काम मुख्यतः सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संशोधनावर, म्हणजे सरकारी संस्थांनी आणि आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधीच्या मदतीने केलेल्या सर्वेक्षणांवर, रोगनोंदण्यांवर आणि चाचण्यांवर येऊन पडते. या संशोधनाची ताकद किती आणि त्याचे हात कुठे तोकडे पडतात, या दोन्ही गोष्टी मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात एकाच वेळी स्पष्ट दिसतात.

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांत आणि पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसला आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे; पण आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतील बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर असते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. खरिपाचे पीक हाती आले की दिवाळीच्या आगेमागे येथील लाखो माणसे ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत किंवा थेट कर्नाटकात जाऊन गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. या व्यवहाराचा कणा मुकादम हा असतो. तो साखर कारखान्याकडून रक्कम घेऊन टोळी जमवतो आणि मजुरांना हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. ही उचल बहुधा जोडप्याला मिळते आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट सोलून मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. काम पहाटे सुरू होते आणि वाहन आले तर रात्रीही करावे लागते. जोडीतील एकाने सुट्टी घेतली तर दोघांची मजुरी बुडते आणि वर ‘खाडा’ म्हणून रक्कम कापली जाते. आजारी पडलेल्या, पाळी आलेल्या किंवा गरोदर बाईला विश्रांती घेणे महागात पडते ते यामुळे.

२०१९ च्या उन्हाळ्यात बीडचे नाव देशभर आणि देशाबाहेरही गाजले ते या व्यवस्थेच्या एका भयंकर परिणामामुळे. ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये तिशीतच, काहींची त्याहूनही आधी, काढून टाकलेली आहेत, असे महिला संघटनांच्या पाहणीतून आणि वृत्तपत्रांतून पुढे आले. गावात याला नुसते ‘पिशवी काढली’ असे म्हणतात. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत या विषयावर प्रश्न विचारला गेला तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी, आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले.

हा आकडा धक्कादायक वाटला, तरी संशोधनाच्या दृष्टीने तो अपुरा होता. रोगप्रसारशास्त्र, म्हणजे आजार कोणत्या समूहात, किती प्रमाणात आणि कशामुळे आढळतो याचा अभ्यास करणारे शास्त्र, कोणत्याही संख्येपुढे पहिला प्रश्न भाजकाचा ठेवते. ४,६०५ हा अंश झाला. पण त्या काळात जिल्ह्यात त्या वयाच्या स्त्रिया किती होत्या, त्यांतील ऊसतोड करणाऱ्या किती, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ऊसतोड करणाऱ्या किती, हे कळल्याशिवाय प्रमाण काढता येत नाही. प्रमाण निघाले नाही तर एका समूहावरचा धोका दुसऱ्यापेक्षा जास्त आहे की नाही हेही सांगता येत नाही, आणि मग ‘सगळीकडेच असे होते’ असे म्हणून विषय बंद करणे सोपे जाते.

हा भाजक मिळाला तो डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीच्या कामातून. आरोग्य यंत्रणेमार्फत जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे आढळले. हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के भरते, म्हणजे ढोबळमानाने दर सहा बायकांमागे एक. तुलनेसाठी हाताशी होते ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांपैकी देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे दिसले होते. दोन्ही पाहण्यांतील वयाची रचना आणि पद्धत वेगळी असल्यामुळे १७ आणि २.६ या आकड्यांचा थेट भागाकार करणे शास्त्रीय ठरणार नाही. तरीही फरक एवढा मोठा आहे की तो केवळ पद्धतीतील भेदामुळे पडला असे मानणे कठीण आहे. पाहणीच्या या निष्कर्षापर्यंत जे ‘बायकांचे गाऱ्हाणे’ होते, ते त्यानंतर धोरणाने दखल घ्यावी असे तथ्य झाले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे सार्वजनिक आरोग्य-संशोधनाचे भारतातील बहुधा सर्वांत व्यापक उदाहरण आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ते मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पार पाडते. ही संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली, आणि सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे आणि ७,२४,११५ स्त्रियांची माहिती घेतली गेली. चौथ्या फेरीपासून प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र आकडे मिळू लागले हा या सर्वेक्षणाचा मोठा टप्पा होता, कारण राज्याची सरासरी बहुतेक वेळा जिल्ह्याचे दुखणे झाकते. जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. २०३० पर्यंत ७० च्या खाली यावे हे जागतिक लक्ष्य राज्याने मुदतीच्या कितीतरी आधी गाठले. त्याच राज्यात, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण सरासरी २१.९ टक्के असताना बीडमध्ये ते ४३.७ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. बालविवाहाचे हे प्रमाण शाश्वत विकासाच्या पाचव्या उद्दिष्टाचा अधिकृत निर्देशक आहे, आणि तो जिल्ह्याच्या पातळीवर मोजला गेला नसता तर बीडचा प्रश्न राज्याच्या सरासरीत विरून गेला असता.

बालविवाह आणि गर्भाशयाचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. उचल जोडप्याला मिळत असल्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे आईबाप सहा महिने ऊसतोडीच्या फडावर असताना वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची धास्ती असते, त्यामुळे तिचे लग्न लवकर उरकले जाते. पुढे सतरा-अठराव्या वर्षी पहिले मूल, विशीच्या सुरुवातीला दोन-तीन बाळंतपणे आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असा क्रम होतो. त्यामुळे तिशी गाठण्याआधीच ‘आता पिशवीचा उपयोग काय’ असा विचार घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे बळावतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पद्धतीतच एक मर्यादा दडलेली आहे. ठराविक गावे आणि शहरी विभाग निवडून, तेथील घरांची यादी करून, प्रत्येक ठिकाणची २२ कुटुंबे निवडली जातात आणि आदल्या रात्री त्या घरी मुक्कामाला असलेल्या स्त्रियांना प्रश्न विचारले जातात. स्थिर वस्तीसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण घराला कुलूप असेल आणि कुटुंब दोनशे किलोमीटरवरच्या कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत राहत असेल, तर ते कुटुंब नोंदीतून गळते. तळावरची तात्पुरती वस्ती गावाच्या यादीत नसते आणि मजुरांना तेथील गाव आपले मानत नाही, त्यामुळे दोन्ही ठिकाणी ती बाई मोजणीबाहेर राहण्याची शक्यता असते. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील क्षेत्रकाम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झाले, म्हणजे त्याचा शेवटचा भाग गाळप हंगामाच्या तोंडाशी आला. शिवाय घरी भेटलेली बाई ऊसतोडीला जाते की नाही, हा प्रश्न सर्वेक्षणाच्या मुख्य उद्देशात बसत नाही. जिल्हा कळतो, जात-वर्ग आणि शिक्षण कळते, पण हंगामी स्थलांतर कळत नाही.

जागतिक आराखड्याने ही अडचण ओळखली आहे. सतराव्या उद्दिष्टातील अठरावे लक्ष्य सांगते की आकडेवारी उत्पन्न, लिंग, वय, वांशिकता, अपंगत्व, भौगोलिक स्थान यांप्रमाणेच स्थलांतराच्या स्थितीनुसारही विलग करून मिळाली पाहिजे. आकडेवारी विलग करणे म्हणजे एकूण सरासरीचे तुकडे पाडून कोणता समूह मागे राहिला हे दाखवणे. आठव्या उद्दिष्टातील एक लक्ष्य तर स्थलांतरित मजुरांच्या, त्यातही स्थलांतरित स्त्रियांच्या, हक्कांचा आणि सुरक्षित कामाचा नावानिशी उल्लेख करते. बीडच्या समितीची पाहणी महत्त्वाची ठरली ती म्हणूनच: राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या जाळीतून निसटणारा समूह तिने केंद्रस्थानी ठेवून मोजला.

मोजणीनंतरचा प्रश्न कारणांचा. फडावर काम करणाऱ्या बायका ज्या तक्रारी घेऊन दवाखान्यात जातात, त्या बहुधा अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव होणे, ओटीपोटात आणि कंबरेत दुखणे अशा असतात. यांच्या मागे जननमार्गाचा जंतुसंसर्ग, संप्रेरकांचा बिघाड, गर्भाशयातील साध्या गाठी, रक्तक्षय, जड ओझ्यामुळे अंग बाहेर येणे अशी अनेक कारणे असू शकतात, आणि त्यांतील बरीचशी औषधोपचारांनी आटोक्यात येतात. तळावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी दुरून आणायचे, पाळीचे कापड नीट धुऊन उन्हात वाळवायला जागा नाही. अशा स्थितीत जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. औषधाचा पूर्ण क्रम घ्यायचा आणि आठवड्याने परत दाखवायला यायचे, हे खाड्याच्या भीतीने जमत नाही. अशा वेळी ‘पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ हे एक वाक्य पुरेसे ठरते. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले जाते, ते फेडण्यासाठी पुढच्या हंगामाची उचल वाढवून घेतली जाते आणि पूर्ण बरे होण्याआधीच बाई पुन्हा मोळी उचलू लागते.

गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, पण त्यासोबत अंडाशयही काढले गेले तर शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा पुरवठा एकाएकी तुटतो. नैसर्गिकरीत्या पंचेचाळिशी-पन्नाशीच्या दरम्यान येणारी रजोनिवृत्ती मग तिशीतच येते, हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय राखले तरी रजोनिवृत्ती अलीकडे येण्याची शक्यता असते. कष्टाचे काम सोपे व्हावे म्हणून केलेली शस्त्रक्रिया अशा रीतीने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची कष्टाची ताकदच कमी करते.

कर्करोगाची भीती मात्र निराधार नव्हती, आणि या प्रकरणातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग येथेच आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल आढळणारा आजार आहे, आणि तो ग्रामीण भागात किती आढळतो याचे देशातील पहिले पद्धतशीर ज्ञान बीडच्या शेजारीच तयार झाले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाखाली देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोकसंख्याधारित नोंदणी म्हणजे एका रुग्णालयात आलेले रुग्ण न मोजता, ठरवलेल्या भूभागातील प्रत्येक नवा रुग्ण नोंदवणे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे या नोंदणीत होती. खेड्यातील आजारी माणूस मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्यामुळे नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव फिरत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणत. या फिरण्याचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की स्त्रिया आजाराच्या आधीच्या अवस्थेत उपचारांना येऊ लागल्या. नोंद ठेवण्याच्या कामातूनच थोडाबहुत उपचारही घडला.

या पायावर १९९९ मध्ये बीडला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी चाचणी उभी राहिली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. टाटा स्मारक केंद्र केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. या चाचणीचा बराचसा निधी मात्र बिल आणि मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाकडून आला, म्हणजे सार्वजनिक संस्थांनी उभारलेल्या यंत्रणेवर दानाचा पैसा वापरला गेला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावसमूह ५२ गटांत विभागून चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार वाटांत वाटले गेले. एका वाटेत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत होणाऱ्या विषाणूची, तपासणी झाली. दुसरीत गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. तिसरीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी तपासले गेले. चौथीत नेहमीची आरोग्यसेवा तेवढी चालू राहिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणी झालेल्या वाटेत या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर नेहमीच्या सेवेच्या वाटेत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते.

याच सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सार्वजनिक निधीतून, सुमारे दीड लाख स्त्रियांवर ॲसिटिक आम्लाच्या चाचणीचा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या दोन्ही चाचण्यांवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला: तपासणीचा फायदा इतरत्र सिद्ध झालेला असताना तुलनेच्या गटातील स्त्रियांना ती न देणे नैतिक होते का? चाचण्या करणाऱ्यांचे उत्तर असे की त्या भागात अशी कोणतीही तपासणी मुळात उपलब्धच नव्हती. हा वाद सुटला नसला तरी त्यातून एक जबाबदारी निश्चित होते: ज्या गरीब स्त्रियांच्या सहभागातून ज्ञान मिळाले, त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्यासारख्या इतरांपर्यंत त्या ज्ञानाचा लाभ पोहोचला पाहिजे.

जगापर्यंत तो पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत विषाणू-तपासणीला पहिली पसंती दिली. विषाणूविरोधी लशीच्या बाबतीतही बार्शीसह भारतातील अनेक केंद्रांवर २००९ पासून चाललेल्या अभ्यासातून, एक मात्रा मिळालेल्या मुलींनाही दीर्घकाळ चांगले संरक्षण मिळते असे दिसले, आणि एका मात्रेची मुभा देणाऱ्या २०२२ च्या जागतिक शिफारशीला त्याने बळ दिले. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार, असे या कर्करोगाच्या उच्चाटनाचे जागतिक सूत्र ठरले आहे.

शेजारच्या बीडमध्ये मात्र २००९ ते २०१९ या दहा वर्षांत कर्करोगाची भीती दाखवून गर्भाशये काढली जात होती. ती भीती खरी आहे की नाही हे काही मिनिटांत पाहता येईल अशी स्वस्त तपासणी जिल्ह्याच्या वेशीपलीकडे सिद्ध झालेली होती. कर्करोगपूर्व डाग आढळलाच तर तेवढा भाग गोठवून नष्ट करण्याचा उपचारही होता, त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही. अडचण ज्ञानाची नव्हती, ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणाऱ्या सेवेची होती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया केवळ १.९ टक्के निघाल्या. जागतिक सूत्रातील ७० आणि प्रत्यक्षातील १.९ यांच्यामधली दरी संशोधनाने भरून निघणार नाही. ती परिचारिकांची पदे, तपासणीचे साहित्य, पुढील उपचारांसाठी पाठवण्याची सोय आणि संध्याकाळी उघडे असणारे दवाखाने यांनी भरावी लागेल. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे मनुष्यबळ घडवण्याचे साधन जिल्ह्यातच आहे.

आकडेवारी पुढे आल्यावर काही पावले पडली. बीड जिल्हा प्रशासनाने खाजगी रुग्णालयांतील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. समितीच्या शिफारशींना अनुसरून हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी करण्याची आणि मजूर स्त्रियांना आरोग्यपत्रिका देण्याची कल्पना पुढे आली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय झाला. राष्ट्रीय पातळीवर बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच प्रकारांवरून दाखल झालेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याबाबतची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला. या तत्त्वांत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमून अशा शस्त्रक्रियांची नोंद ठेवणे अपेक्षित आहे.

या सगळ्या साखळीत एक उद्दिष्ट दुसऱ्याशिवाय पुरे होत नाही हे ठळक होते. केवळ परवानगीची अट घातली तर बाई शेजारच्या जिल्ह्यात जाऊन शस्त्रक्रिया करून घेऊ शकते, कारण तिचा त्रास आणि खाड्याची भीती दोन्ही तसेच असतात. केवळ बालविवाहविरोधी मोहीम राबवली तर जोडप्याला मिळणाऱ्या उचलीचे आर्थिक गणित बदलत नाही. आरोग्याचे तिसरे उद्दिष्ट पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या सहाव्या उद्दिष्टावर, समानतेचे पाचवे उद्दिष्ट रोजगाराच्या आठव्या उद्दिष्टावर अवलंबून आहे. आणि हे परस्परावलंबन नेमके कुठे आहे हे दाखवून देणे, हेच संशोधनाचे काम आहे.

हे काम परक्या निधीवर फार काळ विसंबून राहू शकत नाही, हे अलीकडेच दिसले. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या पाहण्या अनेक गरीब देशांत ज्या अमेरिकी निधीच्या कार्यक्रमातून होत असत, तो २०२५ मध्ये एकाएकी बंद करण्यात आला आणि कित्येक देशांची पुढची फेरी अधांतरी राहिली. भारताकडे स्वतःच्या संस्था आणि प्रशिक्षित माणसे आहेत, आणि म्हणून पुढचे पाऊल येथे उचलणे शक्य आहे: हंगामाबाहेरच्या महिन्यांत, म्हणजे मे ते सप्टेंबर या काळात, ऊसतोड गावांची वेगळी पाहणी करणे, कारखान्यांच्या तळांना मोजणीचे एकक मानणे, सर्वेक्षणात हंगामी स्थलांतराचा एक प्रश्न घालणे, आणि प्रत्येक गर्भाशय-शस्त्रक्रियेची नोंद वय, कारण आणि व्यवसायासह ठेवणे. यातील कोणतीही गोष्ट खर्चिक नाही, आणि त्यासाठी नवे तंत्रज्ञानही लागत नाही. ४,६०५ हा आकडा मिळण्यासाठी विधान परिषदेत प्रश्न विचारावा लागला होता. तसा आकडा दरवर्षी, भाजकासह, कोणी न मागताच जिल्हा आरोग्य अहवालात छापला जाऊ लागला आणि तो वाचून त्या वर्षीचा औषधसाठा आणि तपासणी शिबिरे ठरू लागली, तर २०३० च्या उद्दिष्टांसाठी सार्वजनिक पैशातून केलेले संशोधन बीडमध्ये कामी आले असे म्हणता येईल.